स्वतःच्या मर्जीने

प्रिय मुली,

तुझा फोन येऊन आज तीन आठवडे झाले. दोनच वाक्यं बोललीस. "तिला परत पाठवा. त्या डोंगराला एक दिलाय, तेवढा पुरे." मी "बरं" म्हणाले आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून रोज सकाळी ठरवते की आज तुझ्या लेकीशी बोलायचं, आणि रोज काही ना काही आडवं येतं. कधी शाळेची सहल येते, कधी बूट वाळवायचं यंत्र बंद पडतं. निमित्तं आहेत सगळी, मला कळतंय. आज मात्र निमित्त उरलं नाही. शिखरावर वारा इतका आहे की वर जाणारी खुर्च्यांची लिफ्ट सकाळपासून बंद ठेवली आहे. स्की आणि बूट भाड्यानं द्यायच्या आपल्या दुकानात चिटपाखरू नाही. पोरगी बचाव पथकाच्या खोलीत दोरखंड तपासायला गेली आहे, ती संध्याकाळपर्यंत येत नाही. फोन करणार होते, रिसीव्हर उचललाही होता. पण फोनवर माझी जीभ अडखळते आणि अडखळली की मी विषय बदलते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे. सत्तरी जवळ आली, बोटं आता सकाळी हलकी होतच नाहीत.

आधी तिची खबर देते. आईला तेच आधी हवं असतं. ती बरी आहे. जेवते नीट, झोपते नीट, सर्दी झाली होती ती गेली. तिला इथं सगळे अजून भिंगरीच म्हणतात. पहिल्या दिवशी नाक मुरडून म्हणाली, "आजी, मी एकोणीस वर्षांची आहे." मी म्हटलं, "मग एकोणीस वर्षांची भिंगरी." तू समजतेस की मी तिला बोलावून घेतलं. नाही गं. गेल्या वसंतात एका दुपारी दुकानाचं दार ढकलून ती आत आली, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. मी बूट पुसत होते. मान वर केली आणि क्षणभर मला वाटलं, माझाच पोरगा उभा आहे. तीच रुंद हनुवटी, तेच दारात वाकून आत यायचं, खरं तर दार काही इतकं ठेंगणं नाही. मी तिला बोलावलं नव्हतं. पण आल्यावर परतही पाठवलं नाही, आणि तू तिकडं काळजीनं अर्धी होत असशील हे माहीत असून तुला कळवायला मी दोन दिवस लावले. ती दोन दिवसांची चूक माझी. आणखी एक मोठी चूक आहे, ती पुढं सांगते.

तू इथून गेलीस तेव्हा आमचं काम फक्त हिवाळ्याचं होतं. आता बारा महिने चालतं. वसंतात धड बर्फ नाही, धड गवत नाही, नुसता चिखल. तेव्हा लिफ्टच्या खुर्च्या उतरवून त्यांना वंगण घालतात आणि आम्ही दुकानातले सगळे बूट धुतो. भिंगरीनं आल्या आल्या दोनशे जोड धुतले आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उन्हाळ्यात खुर्च्यांच्या आकड्यांना सायकली अडकवून वर नेतात. माणसं आरामात बसून वर जातात आणि जीव मुठीत धरून खाली येतात. ब्रेक घासून घासून जळतात, ते बदलायचं काम तिनं उचललं. चार महिने तिच्या नखांतलं काळं गेलं नाही. पूर्वेच्या उतारावरून पॅराग्लायडरवाले उडतात. जेवणाच्या सुट्टीत ती पायरीवर बसून त्यांच्याकडे टक लावून बघायची. एकदा म्हणाली, "आजी, इतक्या वर जातात ती सगळी खाली यायलाच ना?" मी म्हटलं, "म्हणूनच आपलं पोट भरतं." शरदात चालणारे येतात, काठ्या घेऊन म्हातारी जोडपी, शाळेची मुलं. त्यातल्या एका निवृत्त मास्तरांचा पाय मुरगळला, तर तुझ्या लेकीनं त्यांना पाठुंगळी घेऊन अर्धा तास खाली आणलं. मास्तर लाजून लाल. दवाखान्यातले नवे डॉक्टर मला विचारायला आले की या मुलीनं पट्टी बांधणं कुठं शिकून घेतलं, इतकी नीट बांधली होती. मी म्हटलं, "घरी."

त्या दवाखान्यापुढून जाताना मला अजून तू दिसतेस. पहिल्या हिवाळ्यात तू नर्स म्हणून आलीस तेव्हा तुझ्याकडे धड गरम कोटही नव्हता. पहिल्याच आठवड्यात सात मोडलेले पाय आले आणि तू एकाही किंकाळीला बिचकली नाहीस. माझा पोरगा तेव्हा बचाव पथकात नवा होता. पथकातले अजून हसतात, की त्या वर्षी साधा ओरखडा आलेल्या माणसालाही तो स्ट्रेचरवर आडवा करून, पट्टे आवळून दवाखान्यात आणायचा. लिफ्टवरचा मिशाळ, आता सगळे त्याला मिशाकाका म्हणतात, तो एकदा तुला म्हणाला होता, "ताई, याच्याशी लग्न तरी करा, नाहीतर हा धडधाकट माणसांना झोपवत सुटेल." तू हसली नाहीस, पण महिन्याभरात माझ्या स्वयंपाकघरात चहा करताना दिसलीस. मी तुला साखर कुठं आहे ते सांगायला गेले तर म्हणालीस, "माहितेय, आई." तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला तो तेव्हा. तू तो सहज वापरलास. मला मात्र दुकानात येऊन जरा वेळ स्टुलावर बसावं लागलं होतं.

मी का हे उकरतेय असं वाटेल. थांब जरा. आता त्या दिवसाचं लिहिते, आणि आधी तेवढंच लिहिते जेवढं तुला आणि सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारीतला बुधवार. त्याची सुट्टी होती, तुझी नव्हती, तू सहापर्यंत दवाखान्यात होतीस. भिंगरी सहा वर्षांची. बापलेक दिवसभर घरात होते, खोक्यांचं घर बनवत होते. सवाचारच्या सुमाराला तो तिला कडेवर घेऊन दुकानात आला, तिला काउंटरवर बसवलं, म्हणाला, "आजीजवळ बस, अर्ध्या तासात येतो." स्की खांद्यावर टाकून लिफ्टकडे गेला. शेवटच्या खुर्चीवर बसताना मिशाळनं विचारलं, "आज तर सुट्टी ना रे?" तो म्हणाला, "एक चक्कर मारून येतो." इतकंच. मागच्या घळीत नव्या बर्फाचा थर त्याच्यासकट घसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. चौकशी झाली, अहवाल आला, आणि त्यात एक ओळ होती, की सुट्टीवर असताना, पथकाला न कळवता, सदर इसम स्वतःच्या मर्जीने बंद भागात गेले. त्यामुळे त्याचं नाव पथकाच्या फलकावर लागलं नाही. फलक कामावर असताना जीव गेलेल्यांसाठी असतो.

तो अहवाल तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून वाचलास. मी भाजी ढवळत होते. तू कागदाची घडी घातलीस, अगदी चौकोनी, आणि म्हणालीस, "सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आई. पोरीला काउंटरवर ठेवून. आम्ही दोघी त्याला पुरे पडलो नाही." मी ढवळत राहिले. तू माझ्याकडे बघत होतीस. आई म्हणून मी काहीतरी बोलावं, निदान पोराची बाजू घेऊन तुझ्याशी भांडावं, याची तू वाट बघत होतीस. मी गॅस बारीक केला. तेवढंच केलं. वर्षभरानं तू पोरीला घेऊन खाली गेलीस, जिथं उड्डाणपुलाहून उंच काही नाही अशा शहरात, आणि मी तुला अडवलं नाही. लोकांना वाटलं, सासू समजूतदार आहे.

आता गेल्या महिन्याचं ऐक. भिंगरीनं बचाव पथकाची परीक्षा दिली. मिशाकाका आता पथकाचा प्रमुख आहे, त्यानं तिला सहा महिने पिळून काढलं. बर्फात पुरलेली पोती ठरल्या वेळात हुडकून काढायची, दोरावरून दीडशे हात खाली उतरायचं, सगळं. ती पहिल्या तिघांत आली. तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं, पथकात का यायचंय. तिनं काय उत्तर दिलं ते मिशाकाकानं मला दुकानात येऊन सांगितलं. ती म्हणाली, "माझे बाबा कुणी न सांगता गेले होते. त्यांना आतून कळलं असणार की वर कुणीतरी आहे. आई म्हणते त्यांना घर नको होतं. मला नाही तसं वाटत. मला त्यांच्यासारखं व्हायचंय." मिशाकाका म्हणाला, "काकू, पोरगी सोनं आहे. फक्त हे आतून कळायचं खूळ डोक्यातून काढायला हवं. ज्याला आतून कळतं तो दुसऱ्या वर्षी जगत नाही." असं म्हणून गेला. मी दिवसभर गिऱ्हाइकांना चुकीच्या मापाचे बूट देत होते.

बघितलंस ना तिनं काय केलं? तू तिला दिलेली गोष्ट कडू होती. तिनं ती उलटून गोड केली. पण गोष्ट तीच, की बाबा स्वतःच्या मर्जीनं गेले. तू त्या गोष्टीवर तेरा वर्षं राग धरलास आणि ती त्याच गोष्टीवर आयुष्य उभं करायला निघाली आहे.

मग तुझ्या फोनच्या चार दिवस आधी असं झालं. संध्याकाळचे सवाचार. लिफ्ट बंद व्हायची वेळ. मी भिंतीवरचे खिळे मोजत होते. तुला आठवत असेल, स्कीच्या प्रत्येक जोडाचा एक खिळा, रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून बाहेर. तीन खिळे रिकामे होते. दोन पुरुष आणि एक बाई, सकाळी आलेले, चेहरे आठवत होते. बाईनं वजन दहा किलो कमी सांगितलं होतं आणि मी नेहमीसारखं नजरेनं तोलून खऱ्या वजनाप्रमाणे स्कीवरची बुटांची पकड आवळली होती. भिंगरीला त्या दिवशी पथकाच्या सरावातून सुट्टी होती, ती मागं शेगडीजवळ मोजे वाळवत बसली होती. माझी नजर खिळ्यांवर थांबलेली तिनं पाहिली. काही न विचारता उठली, जाकीट घेतलं. मी तिची बाही धरली. इतकी घट्ट, की शिवण उसवली. दुसऱ्या हातानं पथकाच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "बरं केलंत आजी कळवलंत, दोघांना पाठवते, तुम्ही फोनजवळ थांबा." किती साधं होतं ते. एक मिनिट लागलं नाही. भिंगरी बाही सोडवायला बघत होती. "आजी, सोड. त्यांना यायला वीस मिनिटं लागतील. बाबा थांबले असते का?" मी म्हटलं, "तुझी सुट्टी आहे. बस खाली." ती म्हणाली, "त्यांचीही होती." तिघं पंधरा मिनिटांत सापडले. खालच्या कॉफीच्या दुकानाबाहेर स्की उभ्या करून आत गप्पा मारत बसले होते. भिंगरी हसली, "बघ, उगीच घाबरलीस." मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

घाबरले नव्हते मी त्या तिघांसाठी. आता लिहिते. तेरा वर्षं जे लिहिलं नाही, बोलले नाही, ते.

त्या बुधवारीही सवाचारच्या आधी दोन खिळे रिकामे होते. एक तरुण जोडपं, नवंनवं लग्न झालेलं, दुपारी मला विचारत होतं की मागच्या घळीकडे जाता येतं का. मी नाही म्हटलं होतं, दोरी लावून ती बंद केली आहे म्हटलं होतं. ती चारच्या आत परत यायची होती, चार वाजले तरी आली नाहीत. नियम सरळ होता, कंट्रोल रूमला कळवायचं. पण त्याच्या आदल्या आठवड्यात मी दोनदा कळवलं होतं आणि दोन्ही वेळा माणसं खालीच सापडली होती. पथकाचा तेव्हाचा प्रमुख भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला होता, "काकू, तुम्ही रोज संध्याकाळी दोन माणसं हरवता. माझी पोरं तुमच्या खिळ्यांच्या मागं पळायला नाहीत." सगळे हसले होते. मीही हसले होते. ते हसणं मी विसरले नव्हते. म्हणून मी कंट्रोल रूमला फोन केला नाही. मी घरी फोन केला.

त्यानंच उचलला. मागं भिंगरी काहीतरी गुणगुणत होती. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, कंट्रोल रूमला कळव. तेच बरोबर आहे. आज सुट्टी आहे माझी, पोर एकटी आहे, आणि मागच्या बाजूचा बर्फ मला पटत नाही." शब्दन् शब्द आठवतो. मी म्हटलं, "त्यांच्याकडून पुन्हा माझी शोभा करून घेऊ का? तू नुसतं वरून बघून ये. कुणाला काही बोलू नकोस. पोरीला माझ्याकडे आणून ठेव." मग तो म्हणाला, "बरं, आई." लहानपणी मी त्याला नको असताना दुधाचा पेला संपवायला लावायची, तेव्हा म्हणायचा तसंच. आणि आला. भिंगरीला काउंटरवर बसवलं, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी कुणाला सांगू नको म्हटलं होतं म्हणून मिशाळला एवढंच म्हणाला. एक चक्कर मारून येतो.

पाच वाजता ते जोडपं हसत हसत दारात उभं राहिलं. बाजारात चुकलो म्हणाले, उशीर झाला, माफ करा. मी त्यांच्या हातातून स्की घेतल्या आणि खिळ्यांवर टांगल्या. दोन्ही खिळे भरले. तुझी लेक काउंटरवर पाय हलवत बसली होती. मला विचारत होती, अर्धा तास झाला का. मी धावत लिफ्टवर गेले आणि मिशाळला सांगितलं की तो आला नाही, मागच्या घळीकडे बघा. कुणी विचारलं नाही की काकूंना घळ कशी ठाऊक. आईला ठाऊक असतंच, असं सगळ्यांनी धरलं. चौकशीला मला बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, तो का गेला असेल. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या तीन शब्दांवर तो अहवाल उभा आहे, तुझा राग उभा आहे, आणि फलकावरची रिकामी जागाही.

का बोलले नाही? पहिले दिवस भीती. तू माझ्या घरात होतीस, पोर माझ्या मांडीवर होती, बोलले तर दोघी जाल असं वाटलं. मग तू गेलीस, आणि आता बोलून काय उपयोग असं वाटलं. मग सवय झाली. माणसाला याचीही सवय होते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तुझ्याकडे क्षमा मागत नाही. ज्याची बायको रागात राहिली आणि ज्याची मुलगी बापाविना वाढली, तो माणूस घर सोडून डोंगराकडे पळाला नव्हता. त्याला जायचं नव्हतं. त्याला तुम्ही दोघी पुरून उरत होतात. तो आईचा शब्द मोडू शकला नाही, एवढाच त्याचा दोष, आणि तो दोषही मीच त्याला लहानपणापासून लावलेला.

परवा मी मिशाकाकाला बोलावून सगळं सांगितलं. ऐकून तो टोपी घालून उठला आणि निघून गेला. काल चौकशी समितीच्या कार्यालयात जाऊन मी माझा जबाब नव्यानं लिहून दिला, सही केली. त्याचं नाव फलकावर लागायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. तिथल्या कारकुनानं विचारलं, "इतक्या वर्षांनी का?" मी त्याला उत्तर दिलं नाही. तुला देते. पुढच्या सोमवारपासून भिंगरी कामावर चढते. बाबा कुणी न सांगता गेले, नियम न मानता गेले, हे डोक्यात घेऊन तिनं एकही फेरी मारता कामा नये. तिला सांगायलाच हवं की तिचा बाप शहाणा होता, त्यानं नियम सांगितला होता, आणि तो मोडायला लावणारी तिची आजी होती. रविवारी दुपारी दुकान बंद करून मी तिला हे सांगणार आहे. मीच सांगणार, तू सांगायचं नाहीस, ते ओझं तुझं नाही. त्यानंतर ती राहील की जाईल, पथकात जाईल की तुझ्याबरोबर खाली येईल, ते तिला ठरवू दे. पण हे ऐकल्यावर तिला माझ्याकडे बघवणार नाही, माझ्या घरात थांबवणार नाही, आणि या गावात तिचं दुसरं कुणी नाही. त्या वेळी तिला कुणाच्या तरी कुशीत शिरावंसं वाटेल, आणि ती कूस माझी असू शकत नाही. माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस, माझ्या दारात पाऊलही ठेवू नकोस, मिशाकाकाच्या घरी तुझी सोय केली आहे. पण रविवारी सकाळच्या गाडीनं ये. तिच्यासाठी ये. एवढं मागायला हे पत्र लिहिलं.

तुझीच,
जिला तू एकदा सहज 'आई' म्हणाली होतीस ती